इंग्लंड कुणाचे? : हवेली, खाण आणि वस्ती

मी तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवतो. वर्गात बसणारी बहुतेक मुले कॉलेजचे तोंड पाहणारी घरातली पहिलीच. वर्षाच्या सुरुवातीला मी त्यांना एक प्रश्न विचारतो : इंग्लंड म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? उत्तरे ठरलेली असतात. राणी, राजवाडा, धुके, हिरवळ, उंच टोपी, चहाचे पातळ कप. कुणी 'कोळसा' म्हणत नाही. 'गळकी खोली' म्हणत नाही. 'वेताची छडी' तर नाहीच नाही. या मुलांनी इंग्लंड पाहिलेले नाही. मीही पाहिलेले नाही. मग हे चित्र आमच्या डोक्यात कुणी भरले? थोडे पाठ्यपुस्तकाने आणि पुष्कळसे चित्रपटाने.

हा प्रश्न आपल्या दृष्टीने नुसता करमणुकीचा नाही. इंग्रजाशी आपले नाते सवर्ण राष्ट्रवाद्याच्या नात्याइतके सरळ कधीच नव्हते. जोतीराव फुल्यांनी थॉमस पेन वाचला. बाबासाहेब लंडनमध्ये शिकले, तिथेच बॅरिस्टर झाले. ज्या शाळेच्या पायरीवर आपल्या आज्याला उभे राहू दिले जात नव्हते, तिचे दार इंग्रजी अमलात निदान किलकिले झाले. त्याच इंग्रजाने पुढे महारांची लष्करभरती बंद केली, ही गोष्टही आपण विसरलेलो नाही. तरीसुद्धा 'साहेब' या शब्दाला आपल्या मनात एक उंची राहिली. परंतु हा साहेब त्याच्या घरी कोण होता? त्याचे जेवण कोण रांधत होते, त्याच्या शेगडीतला कोळसा जमिनीखाली जाऊन कोण उकरून आणत होते? ज्या पेनचे विचार जोतीरावांनी आपलेसे केले, तो थेटफर्डच्या एका चोळ्या-कंचुक्या शिवणाऱ्या कारागिराचा पोरगा. तो हवेलीत जन्मलेला नव्हता. मात्र पडद्यावर इंग्लंड म्हणून जे दाखवले जाते, त्यात त्या कारागिराचे दुकान सहसा नसते.

इंग्रजी जीवन दाखवणाऱ्या चित्रपटांचा एक मोठा प्रवाह आहे. तिकडचे समीक्षक त्याला वारशाचे चित्रपट म्हणतात. मी त्याला हवेलीचा चित्रपट म्हणतो, म्हणजे आपल्याला लगेच कळते. मोठी दगडी हवेली, तिच्यापुढे कापलेले गवत, आत चांदीची भांडी, मंद बोलणारी माणसे, एखादे न जुळणारे प्रेम. १९८१ साली 'ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड' ही मालिका दूरदर्शनवर आली आणि कॅसल हॉवर्ड नावाची खरी हवेली त्यात नटली. त्याच वर्षी 'चॅरियट्स ऑफ फायर' आला. १९८४ मध्ये डेव्हिड लीनचा 'ए पॅसेज टु इंडिया', १९८५ मध्ये 'ए रूम विथ अ व्ह्यू', १९९२ मध्ये 'हॉवर्ड्स एंड'. हा काळ कोणता, ते पाहा. १९७९ ते १९९० मार्गारेट थॅचर पंतप्रधान होत्या. मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर खाणकामगारांचा संप चालला आणि तो मोडला गेला. एकीकडे खाणीच्या गावांतून पोलिसांचे घोडे धावत होते आणि दुसरीकडे पडद्यावर हवेलीच्या बागेत चहा ओतला जात होता. दिग्दर्शकांनी संगनमत केले असे मला म्हणायचे नाही. परंतु जो समाज आतून फाटत असतो, त्याला आपला भूतकाळ अखंड आणि नीटनेटका दिसावा असे वाटते. आपल्याकडे पेशवाईच्या नाटकांना गर्दी का होते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

यात एक गंमत आहे. या 'अस्सल इंग्रजी' चित्रपटांपैकी सर्वांत गाजलेले काढणारे तिघेही इंग्रज नव्हते. निर्माता इस्माईल मर्चंट मुंबईत जन्मलेला मुसलमान. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी अमेरिकन. पटकथा लिहिणाऱ्या रूथ प्रावर झाबवाला जर्मनीतल्या कोलोन शहरी ज्यू कुटुंबात जन्मल्या, १९३९ साली नाझींपासून जीव वाचवून इंग्लंडला आल्या आणि लग्नानंतर वर्षानुवर्षे दिल्लीत राहिल्या. त्याही आधी, १९३३ साली, 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' काढून इंग्रज राजाला जगभर पोचवणारा अलेक्झांडर कोर्डा हंगेरीचा ज्यू होता. म्हणजे हवेलीचे हे इंग्लंड बाहेरच्या माणसालाही रचता येते. ते रक्तातून येत नाही. आणि बाहेरचा माणूस कधी कधी हवेलीची भिंत आतल्यापेक्षा जास्त निरखून पाहतो.

याच तिघांचा १९९३ चा 'द रिमेन्स ऑफ द डे' मी त्यासाठीच महत्त्वाचा मानतो. मूळ कादंबरी काझुओ इशिगुरोची, १९८९ ची; तोही नागासाकीत जन्मलेला. दिसायला हा चित्रपट त्याच जातीचा. हवेली आहे, चांदी आहे, घंटा आहेत. परंतु त्याचा नायक मालक नाही. नायक आहे स्टीव्हन्स नावाचा बटलर, म्हणजे हवेलीतल्या सगळ्या चाकरांवरचा मुख्य चाकर. अँथनी हॉपकिन्सने ती भूमिका केली आहे. हॉपकिन्स वेल्समधल्या एका पाववाल्याचा मुलगा. तो वाकून उभा राहतो ते नुसता अभिनय म्हणून वाटत नाही.

स्टीव्हन्सला आपल्या चाकरीचा अभिमान आहे. नुसता अभिमान नाही, त्या चाकरीचे त्याने तत्त्वज्ञान केले आहे. म्हातारा बाप त्याच हवेलीत हाताखाली काम करतो. वर माडीवरच्या खोलीत बाप मरतो आणि खाली पाहुण्यांची बैठक चालू आहे म्हणून मुलगा तबक घेऊन फिरत राहतो. बापालाही हेच आवडले असते, असे त्याला मनापासून वाटते. मालक लॉर्ड डार्लिंग्टन हा जर्मनीतल्या नाझी राजवटीशी समझोता करू पाहणारा सरदार. एके दिवशी तो सांगतो की घरात काम करणाऱ्या दोन निर्वासित ज्यू मुलींना काढून टाक. स्टीव्हन्स काढून टाकतो. घर सांभाळणारी मिस केंटन चिडते, आपणही नोकरी सोडू म्हणते, आणि सोडत नाही. कारण तिला जायला दुसरी जागा नाही. हा तपशील मला फार खरा वाटतो. अन्याय कळणे आणि त्याविरुद्ध उठता येणे यांत पोटाचे अंतर असते.

एका प्रसंगी मालकाचा एक पाहुणा स्टीव्हन्सला समोर उभे करतो आणि चलन, व्यापार, परराष्ट्रधोरण यांवर अवघड प्रश्न विचारतो. स्टीव्हन्स दर वेळी नम्रपणे सांगतो, यात मी मदत करू शकत नाही. मंडळी हसतात. पाहुण्याला सिद्ध करायचे असते की असल्या माणसांच्या मतावर राज्य चालवणे हा मूर्खपणा आहे. मतदानाचा हक्क सर्वांना नको, शिकलेल्यांना आणि मालमत्ता असलेल्यांनाच हवा, हा युक्तिवाद आपण कुठे ऐकला आहे? १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांना मताच्या हक्कासाठी का भांडावे लागले, हे ज्या विद्यार्थ्याने वाचले असेल, त्याला या प्रसंगात हसू येणार नाही.

पुढे स्टीव्हन्स प्रवासाला निघतो. एका खेड्यातले लोक त्याचे कपडे आणि बोलणे पाहून त्याला कुणी मोठा सरदार समजतात आणि तो त्यांचा समज दूर करीत नाही. गावचा डॉक्टर मात्र त्याला ओळखतो. बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचे नाव ज्यांना पाठ आहे, त्यांना या प्रसंगाची भाषा परकी वाटू नये.

हा चित्रपट मी वर्गात दाखवला तेव्हा पहिला प्रश्न आला, "सर, याला पगार होता का?" होता, मी म्हणालो. "मग हा सोडून का जात नाही?" मला चटकन उत्तर देता आले नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, त्याचा आजा येसकर होता. घुंगराची काठी त्याने मरेपर्यंत उशाशी ठेवली होती, आणि ती जाळायची म्हणून बाप आणि आजा यांच्यात भांडण झाले होते. त्यानंतर त्या तासाला मी फारसे काही शिकवले नाही.

या हवेलीविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती पडद्यावर दिसत नाही. डार्लिंग्टनची हवेली म्हणून बाहेरून जी वास्तू दाखवली आहे, ती ग्लॉस्टरशरमधली डिरम पार्क. ती बांधणारा विल्यम ब्लॅथवेट सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी वसाहतींच्या महसुलाचा कारभार पाहणारा मोठा अधिकारी होता. या वास्तूत गुडघे टेकून बसलेल्या, साखळ्या घातलेल्या दोन काळ्या गुलामांच्या कोरीव मूर्ती आहेत. त्यांच्या डोक्यावर भांडे ठेवायची सोय. वास्तू सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २०२० साली अहवाल काढून सांगितले की तिच्या ताब्यातल्या ९३ ठिकाणांचा गुलामगिरीशी किंवा वसाहतींशी संबंध आहे. तेवढ्यावरून तिकडे गदारोळ उठला. इतिहासात घाण कशाला कालवता, असे म्हणणारे पुढे आले. १८३३ च्या कायद्याने इंग्रजी वसाहतींतली गुलामगिरी संपवण्याचे ठरले, तेव्हा २ कोटी पौंडांची भरपाई दिली गेली, आणि ती गुलामांना नव्हे, गुलामांच्या मालकांना. त्यासाठी काढलेल्या कर्जाची अखेरची फेड २०१५ साली झाली, हे ब्रिटिश अर्थखात्यानेच जाहीर केले. हवेलीच्या चित्रपटात हिरवळ दिसते, तिच्यावर पडलेली ही ऊस-साखरेची सावली दिसत नाही. १९९९ चा 'मॅन्सफिल्ड पार्क' हा एक अपवाद; त्यात पॅट्रिशिया रोझेमा या दिग्दर्शिकेने जेन ऑस्टिनच्या कादंबरीतला अँटिग्वाचा ओझरता उल्लेख पकडला आणि घरधन्याचा पैसा कुठून येतो ते उघडे केले. ऑस्टिनच्या भक्तांना ते रुचले नाही.

आता दुसऱ्या बाजूला वळू. इंग्लंडमध्ये चित्रपट पाहणारा सर्वांत मोठा वर्ग कामगारांचा होता. तरी तो पडद्यावर इतका कमी का दिसला? दिसला तर मोलकरीण, विनोदी गाडीवान किंवा चोर म्हणूनच का दिसला? एक कारण सरळ आहे : दिसू दिला नाही. १९१२ साली तिथे चित्रपट तपासणारे मंडळ स्थापन झाले. अश्लीलतेबरोबर मालक-मजूर झगडा हाही त्याच्या लेखी धोकादायक विषय होता. सॅल्फर्डचा वॉल्टर ग्रीनवुड याची 'लव्ह ऑन द डोल' ही बेकारीवरची कादंबरी १९३३ साली निघाली, तिचे नाटकही चालले. परंतु चित्रपट करण्याचा प्रस्ताव १९३६ साली मंडळाने अडवला. अखेर चित्रपट आला १९४१ मध्ये. तोवर महायुद्ध सुरू झाले होते आणि सरकारला मजुरांची गरज लागली होती. गरजेपुरते माणूस म्हणण्याची ही रीत आपल्या परिचयाची आहे.

बंदी कथापटांवर जास्त होती, माहितीपटांना थोडी वाट होती. जॉन ग्रिअर्सन या स्कॉटिश गृहस्थाच्या प्रेरणेने १९२९ नंतर तिथे माहितीपटांची चळवळ उभी राहिली. त्यातल्या एकाच चित्रपटावर मी थांबणार आहे. १९३५ चा 'हाउसिंग प्रॉब्लेम्स', लांबी पंधरा मिनिटांच्या आसपास. एडगर ॲन्स्टी आणि आर्थर एल्टन यांनी तो केला. जागा लंडनच्या पूर्वेकडचे स्टेपनी, गोदीतल्या मजुरांची वस्ती. या चित्रपटात जे घडले ते त्यापूर्वी जवळजवळ घडलेच नव्हते : झोपडपट्टीत राहणारी माणसे कॅमेऱ्याकडे तोंड करून स्वतःच्या तोंडाने बोलली. भिंती कुजल्या आहेत, पाणी खाली नळावरून आणावे लागते, ढेकणांनी झोप येत नाही. एक बाई घरात शिरलेल्या घुशीची हकीगत सांगते. कपडे नीट करून, थोडी अवघडून, शेजारणीला सांगावी तशी. ग्रिअर्सनची बहीण रूबी या कामात होती. दिग्दर्शकांनी या लोकांकडे दयेने पाहू नये म्हणून ती त्यांच्याशी बोलून ठेवायची : कॅमेरा तुमचा, मायक्रोफोन तुमचा, आता इथे राहणे म्हणजे काय ते त्या लोकांना सांगा. रूबीचे नाव श्रेयनामावलीत नाही.

त्याचे पैसे मात्र कुणी दिले? गॅस कंपन्यांच्या संघटनेने. जुन्या घरांच्या जागी नवे गाळे झाले की स्वयंपाकाला गॅस लागेल, असा साधा हिशेब. म्हणून चित्रपटाच्या उत्तरार्धात नव्या गाळ्यांचे नमुने आणि स्वच्छ स्वयंपाकघरे येतात आणि बोलणाऱ्या बायका आभार मानणाऱ्या होतात. ज्यांच्या पैशाने आपण बोलतो, त्यांचा शेवट आपल्या बोलण्याला चिकटतो. सरकारी योजनांच्या माहितीपटांत काम केलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना हा अनुभव नवा नसावा. तरीही ती घुशीची हकीगत गॅस कंपनीची नव्हे. ती त्या बाईची आहे आणि राहील.

१९५६ ते १९६३ च्या दरम्यान तिथे तरुण दिग्दर्शकांची एक लाट आली. लिंडसे अँडरसन, टोनी रिचर्डसन, कारेल राइझ. उत्तरेकडच्या गिरणी-कारखान्यांच्या शहरांत त्यांनी कॅमेरे नेले. राइझचा १९६० चा 'सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग' त्यात सर्वांत टिकाऊ. नॉटिंगहॅमच्या सायकल कारखान्यात लेथवर काम करणारा आर्थर सीटन हा त्याचा नायक. कादंबरी आणि पटकथा ॲलन सिलिटोची. तो स्वतः त्या कारखान्यात राबलेला होता. म्हणून सीटनच्या तोंडी उपदेश नाही, तक्रारही नाही; मस्ती आहे, राग आहे, बेइमानीही आहे. शोषित माणूस सद्गुणीच असला पाहिजे, ही अपेक्षा सिलिटोने मोडली. आपल्याकडे दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, तेव्हा काहींना हेच खुपले होते.

परंतु दिग्दर्शक तिघेही ऑक्सफर्ड-केंब्रिजचे. या लाटेतल्या बहुतेक चित्रपटांत एक दृश्य हमखास येते : नायक शहराबाहेरच्या टेकडीवर जातो आणि खाली पसरलेली धुराडी, घरांच्या रांगा दिसतात. सुंदर दिसतात. खाली राहणाऱ्याला त्या तशा दिसतात का? सहानुभूती आणि स्वानुभव यांवर आपल्याकडे जो वाद झाला, तो तिकडेही या टेकडीवरून झाला, इतकेच मी म्हणेन.

ही टेकडी ज्याने उतरून दाखवली तो चित्रपट म्हणजे केन लोचचा 'केस्', १९६९ चा. नाव मराठीत चमत्कारिक वाटते; ते केस्ट्रल या लहान ससाण्याचे लाडके नाव आहे. कादंबरी बॅरी हाइन्सची, १९६८ ची. हाइन्स यॉर्कशरमधल्या बार्न्सलीजवळच्या खाणगावात जन्मलेला, खाणकामगाराचा मुलगा आणि पेशाने खेळाचा शिक्षक. त्याच्या कादंबरीचे मूळ नाव एका जुन्या यादीवरून घेतले आहे. कुणी कोणता शिकारी पक्षी पाळावा याची उतरंड इंग्रजांच्या जुन्या ग्रंथांत लावलेली होती : सम्राटाला गरुड, राजाला मोठा ससाणा, असे करत करत अगदी तळाला चाकराला केस्ट्रल. पक्ष्यांनाही वर्णव्यवस्था! मनूचा मक्ता फक्त आपल्याकडे होता असे कुणी समजू नये. फरक आहे तो असा की ती यादी तिकडे आज कुतूहलाचा विषय झाली आहे.

बिली कॅस्पर हा चौदा-पंधरा वर्षांचा किडकिडीत पोरगा. बाप घर सोडून गेलेला, मोठा भाऊ जड खाणीत. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी मुलांची परीक्षा घेत. वर आलेली मुले ग्रामर शाळेत, उरलेली सेकंडरी मॉडर्नमध्ये. अकराव्या वर्षीच ठरे की कुणी लेखणी धरायची आणि कुणी फावडे. बिली उरलेल्यांतला. त्याला एका पडक्या भिंतीत ससाण्याचे पिल्लू सापडते. पक्षी शिकवण्याचे पुस्तक त्याला वाचनालयातून मिळत नाही, म्हणून तो दुकानातून चोरतो. जो मुलगा शाळेत 'वाचत नाही' असा शिक्का घेऊन बसला आहे, तो ते पुस्तक अक्षरन् अक्षर वाचतो.

या चित्रपटातली शाळा मला आमच्या शाळेइतकी ओळखीची आहे. हेडमास्तरच्या खोलीबाहेर छड्या खाणाऱ्या मुलांची रांग आहे. एक लहानगा नुसता निरोप घेऊन आलेला असतो. तोही रांगेत सापडतो आणि छड्या खाऊन जातो. त्याला बोलायची संधीच मिळत नाही. खेळाचा मास्तर पोरांशी फुटबॉल खेळतो, स्वतःच पंच होतो, स्वतःलाच पेनल्टी देतो आणि हरल्याचा राग बिलीला थंड पाण्याखाली उभे करून काढतो. प्रेक्षक हसतात. मीही हसलो. मग एकच मास्तर, फार्दिंग नावाचा, बिलीला वर्गापुढे उभे करून ससाण्याविषयी बोलायला सांगतो. पोरगा चाचरत सुरुवात करतो. पक्ष्याच्या पायांत बांधायच्या चामडी वाद्यांना काय म्हणतात, ते फळ्यावर लिहून दाखवतो. मांसाचा तुकडा किती अंतरावरून दाखवायचा, दोरी कधी सोडायची, सगळे सांगतो. वर्ग गप्प होतो. ज्ञान आपल्याकडेही असते आणि ते विचारणारा कुणी भेटला तर ते बोलते, हे मी शिक्षक म्हणून या पाच मिनिटांत जेवढे शिकलो तेवढे बी.एड.च्या वर्षात शिकलो नाही.

शेवट सांगून टाकतो, कारण तो सांगितल्याने बिघडत नाही. भावाने घोड्यांवर लावायला दिलेले पैसे बिली लावत नाही, घोडे जिंकतात, आणि भाऊ त्या रागात ससाणा मारून कचऱ्याच्या डब्यात टाकतो. बिली त्याला पुरतो. चित्रपट संपतो. कुणी मदतीला येत नाही, कुठली शिष्यवृत्ती मिळत नाही. मधे नोकरी-मार्गदर्शन करणारा अधिकारी येऊन गेलेला असतो. बिली त्याला एवढेच ठामपणे सांगतो की मी खाणीत जाणार नाही. आता त्या भागात खाणीच उरल्या नाहीत. इंग्लंडमधली शेवटची खोल कोळसा-खाण, केलिंगली, डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली.

भाषेची गोष्ट सांगायची राहिली. 'केस्'मधली माणसे बार्न्सलीची बोली बोलतात. बिलीचे काम करणारा डेव्हिड ब्रॅडली तिथल्याच शाळेतला मुलगा. चित्रपट आधी उत्तरेतल्या शहरांत लागला. बाहेर धाडण्यासाठी काही संवाद पुन्हा, जरा 'कळेल असे', बोलून घ्यावे लागले. इंग्रजी चित्रपट इंग्रजी बोलणाऱ्यांनाच कळेना! आपल्या कवितेला आणि आत्मकथनांना शब्दसूची जोडा म्हणणाऱ्यांना ही हकीगत सांगण्यासारखी आहे. आणखी एक योगायोग : फार्दिंग मास्तरचे काम करणारा कॉलिन वेलंड हाच पुढे 'चॅरियट्स ऑफ फायर'चा लेखक झाला आणि त्यासाठी त्याला ऑस्कर मिळाले.

आतापर्यंतचे सगळे इंग्लंड गोरे आहे. १९४८ पासून वेस्ट इंडीज बेटांतली माणसे बोटींनी येऊन तिथे बस चालवू लागली, इस्पितळांत राबू लागली. त्यांच्यातल्या दिग्दर्शकाचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट यायला १९७६ साल उजाडले. त्रिनिदादहून आलेल्या होरेस ओव्हेचा 'प्रेशर'. पटकथेत त्याच्याबरोबर सॅम्युअल सेल्व्हन हा त्रिनिदादचाच भारतीय वंशाचा लेखक होता. नायक टोनी लंडनमध्ये जन्मला, तिथेच शिकला, बोलतो गोऱ्यांसारखे; नोकरी मात्र मिळत नाही. मोठा भाऊ ब्लॅक पॉवरच्या चळवळीत आहे. पोलिस सभेवर धाड घालतात आणि चळवळीपासून दूर राहणारा टोनीही त्यात सापडतो. चित्रपट तयार होऊनही बराच काळ अडकून राहिला. पोलिसांचे चित्रण अनेकांना जड गेले. आपली पँथर १९७२ ची, तिने नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतले. लंडनमध्येही त्याच नावाने काळे तरुण संघटित झाले होते, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही.

त्यांच्याच लढ्यावर स्टीव्ह मॅक्वीनने २०२० साली 'स्मॉल ॲक्स' ही पाच चित्रपटांची मालिका केली. त्यातला 'एज्युकेशन' मला 'केस्'चा धाकटा भाऊ वाटतो. बारा वर्षांच्या किंग्जलीला वाचता येत नाही. शाळा त्याला 'मंदबुद्धी' मुलांसाठी असलेल्या खास शाळेत ढकलते. तिथे मास्तर शिकवत नाही. गिटार घेऊन बसतो आणि एक गाणे सबंध गातो, मुले बघत बसतात. ते दृश्य मुद्दाम लांबवले आहे आणि लांबवले म्हणूनच ते सहन होत नाही. १९७१ साली बर्नार्ड कोर्ड या ग्रेनाडाच्या शिक्षकाने पुस्तिका काढून दाखवून दिले होते की वेस्ट इंडियन मुलांना या शाळांत सर्रास घातले जात आहे. मग बायका दारोदार फिरल्या, आयांना जागे केले, घराघरांत शनिवारच्या शाळा निघाल्या. चित्रपटात हे सगळे येते. किंग्जलीला शेवटी वाचता येते, पण ते शाळेमुळे नव्हे, वस्तीमुळे.

मग आपण त्यांच्या पडद्यावर कुठे आहोत? १९८२ चा ॲटनबरोचा 'गांधी' ब्रिटिश दिग्दर्शकाचा, भारत सरकारच्या पैशाचाही. त्याला आठ ऑस्कर मिळाले. त्यात गोलमेज परिषदेच्या काळातले लंडन आहे, येरवडा आहे, डॉ. आंबेडकर नाहीत. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार नाही. तीन तासांहून मोठ्या चित्रपटात एक माणूस राहून गेला असे ज्यांना वाटते, त्यांनी वाटून घ्यावे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या भारतीयांवर पुढे जे लोकप्रिय चित्रपट निघाले, उदाहरणार्थ २००२ चा 'बेंड इट लाइक बेकहॅम', त्यांत रंग आहे, धर्म आहे, आईबापांचा धाक आहे; जातीचा प्रश्न नाही. जात मात्र बोटीतून आणि विमानातून तिकडे गेलेली आहे. २०१३ साली ब्रिटिश संसदेने समतेच्या कायद्यात जातीचा अंतर्भाव करावा असे सरकारवर बंधन घातले. २०१८ साली सरकारने ते करायचे नाही असे ठरवले. या भांडणावर कुणीतरी चित्रपट करावा, पण तो हवेलीवाला करणार नाही.

'हाउसिंग प्रॉब्लेम्स' लहान आहे, एका तासिकेत दोनदा दाखवता येतो. मागच्या वर्षी आम्ही तो वस्तीतल्या समाजमंदिरात भिंतीवर दाखवला. मी शेजारी उभा राहून मराठीत सांगणार होतो. घुशीची हकीगत आली, मी तोंड उघडले, तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या आईने हात वर करून मला थांबवले. "कळलं बाबा, उंदराचं सांगती ती," ती म्हणाली, आणि मागे वळून बायांना आपल्या घरातल्या घुशीचे सांगू लागली.